कमी सोडियमचं मीठ

माझ्या नणंदेला औषधांतलं सगळं कळतं. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून तिला वीस वर्षं झाली, त्यामुळे आमच्या घरात तिच्यापुढे डॉक्टरही पाणी भरतात. सासऱ्यांचं हृदय कमजोर झालं तेव्हा गोळ्यांचा डबा तिने लावला, पथ्य तिने ठरवलं आणि स्वयंपाक तेवढा माझ्या गळ्यात मारला.

महिन्यापूर्वी ती मिठाची बरणी घेऊन आली. "कमी सोडियमचं आहे. आजपासून बाबांच्या जेवणात हेच."

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. बारीक अक्षर दिसलं की डोळे आपोआप तिकडे जातात. बरणीच्या मागे लिहिलं होतं, हृदयाची औषधं चालू असल्यास डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

"ताई, यावर मागे काय..."

"तू शुद्धलेखन बघ. औषधं मी बघते."

नवरा हसला. सासरेही हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. डॉक्टरांना फोन करायला दोन मिनिटं लागली असती. नाही केला. म्हटलं, एकदा तरी हिचं नाक कापलं जाऊ दे. आणि रोज तेच मीठ घालत राहिले.

आज सकाळी सासरे बाथरूमच्या दारातच खाली बसले. नाडी दोन ठोके चालायची आणि थांबायची.

नणंद दवाखान्यात आली ती तोफ डागतच. "गोळ्या चुकवल्यास ना? बाबांना काही झालं तर तुला उभी जाळीन." बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट घेऊन बाहेर आले. "जेवणात मीठ कोणतं असतं यांच्या?"

नणंदेने मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"त्यात पोटॅशियम असतं. यांच्या हृदयाच्या गोळ्याही शरीरातलं पोटॅशियम वाढवतात. ते फार वाढलं की ठोके बिघडतात, हृदय बंदसुद्धा पडतं. इंजेक्शनं चालू आहेत. संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही."

ते आत गेल्यावर नवरा बहिणीकडे वळला. "वीस वर्षं काय विकत होतीस मग?"

लग्न झाल्यापासून नऊ वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

नणंद भिंतीला टेकून उभी होती. रडून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

"बरणी आणली त्या दिवशी तू काहीतरी सांगत होतीस. काय लिहिलं होतं?"

मी शब्द न् शब्द सांगितला.

"माझं चुकलं. मी वाचलंच नाही," ती म्हणाली. "पण तू वाचलं होतंस. मग रोज घालत का राहिलीस?"

नवरा माझ्या शेजारून उठला आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.