गेलन झोपायचा ते टेबल

बीट गरम असेल तर ढिगावर घेत नाहीत. आतल्या आत कुजतं.

शेजारच्या व्हर्लाच्या कुत्रीला फक्त पुरुषांचे बूट चावायला आवडतात.

सूप उभ्याने प्यायलं की पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही.

सनमायका कापताना वरून चिकटपट्टी लावावी, नाहीतर कडेचे टवके उडतात.

गेलन घोरत नाही. झोपेत उसासे टाकतो, कुणीतरी त्याच्यावर फार मोठा अन्याय केल्यासारखे.

"अर्डिस, तू बस ना." हे वाक्य माझा नवरा रोज म्हणतो. कुठे, ते म्हणत नाही.

*

आमचा राहायचा ट्रेलर लहान आहे, पिकअपमागे ओढत न्यायचा. आत मागच्या बाजूला एक पलंग, मधे शेगडी आणि बेसिन, पुढे समोरासमोर दोन बाकं आणि त्यांच्यामधे टेबल. टेबलाची एक बाजू भिंतीतल्या खाचेत अडकवलेली, दुसऱ्या बाजूला एकच पाय. पाय काढला की टेबल खाली उतरतं आणि त्याच्या कडा दोन्ही बाकांवर टेकतात. वर गाद्या टाकल्या की झाला आणखी एक पलंग. ज्या माणसाला हे सुचलं त्याचं कारखान्यात कौतुक झालं असणार. तो स्वतः अशा ट्रेलरमध्ये तिघांत राहिलेला नसणार.

तिघं म्हणजे मी, माझा नवरा लोवेल आणि लोवेलचा धाकटा भाऊ गेलन.

ऑक्टोबर आला की आम्ही उत्तर डकोटात साखरेच्या बीटच्या हंगामाला येतो. आमच्यासारखे पुष्कळ येतात, आपापले ट्रेलर घेऊन, आणि जत्रेच्या मैदानावर मुक्काम ठोकतात. पाळी बारा तासांची. लोवेल आणि मी दिवसा, गेलन रात्री. मी ट्रकमधून बीटचे नमुने पिशव्यांत भरते. बारा तास उभी.

गेलनचं घर घटस्फोटात गेलं. "एकच हंगाम गं," लोवेल म्हणाला होता. हा चौथा.

*

टेबल खाली: सकाळी आम्ही निघतो, गेलन येतो, झोपतो.

टेबल खाली: संध्याकाळी आम्ही येतो, गेलन बूट चढवत असतो. अंथरूण तसंच. गादीवर बिस्किटांचा चुरा, पायमोजे, चार्जर.

टेबल वर: हे करायचं तर गाद्या उचला, पांघरुणाच्या घड्या घाला, वाकून टेबल उचला, एका हाताने पेलून दुसऱ्या हाताने पाय शोधा. पाय बाकाखाली गेलेला असतो. पाय सापडेपर्यंत सूप थंड.

म्हणून टेबल खालीच. म्हणून मी बेसिनला टेकून जेवते. लोवेल पलंगावर ताट घेऊन बसतो आणि म्हणतो, अर्डिस, तू बस ना. पलंगावर बसायला एकाचीच जागा आहे, दुसऱ्याची जागा ताटाने घेतलेली.

*

मग पाऊस लागला. शेतात चिखल, ट्रक आत जाईनात, दोन्ही पाळ्या बंद. तिघंही आत.

गेलनला दिवसा झोपायची सवय. काम बंद असलं तरी शरीराला काय कळतं, असं तो म्हणतो. तो टेबलावर झोपला. दुसऱ्या दिवशीही झोपला. मी कॉफी शेगडीजवळ उभ्याने प्यायले, नाश्ता उभ्याने केला, बटाटे उभ्याने सोलले. सुट्टीचा दिवस आणि मी कामावरच्यापेक्षा जास्त उभी.

"किटली जरा हळू ठेव गं अर्डिस," पांघरुणातून आवाज आला.

मी लोवेलकडे पाहिलं. लोवेलने शब्दकोड्याकडे पाहिलं.

मी छत्री घेऊन व्हर्लाकडे गेले. व्हर्ला शेजारच्या ट्रेलरमध्ये एकटी राहते, नवरा वारल्यापासून. तिच्याकडे टेबलाला पाय नाही. भिंतीवर एक लोखंडी हात आहे, त्यावर टेबल गोल फिरतं, हवं तिकडे सरकतं. मी तिच्याकडे बसून कॉफी प्यायले. बसून.

"एक हात जास्तीचा पडलाय माझ्याकडे," व्हर्ला म्हणाली. "पण वरची फळी लहान लागेल. आणि मग पलंग होत नाही, बरं का. आधीच सांगते."

"नाही होत?"

"नाही. बाकांवर टेकायला फळी पुरत नाही. माझ्या नणंदेने यायचंच बंद केलं."

"करवत आहे तुझ्याकडे?"

व्हर्लाने माझ्याकडे नीट पाहिलं आणि करवत काढून दिली. चिकटपट्टीही दिली.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी गेलन कपडे धुवायला गावात गेला. मी टेबल उचललं, बाहेर ताडपत्रीखाली नेलं, आडवं टाकलं आणि मधोमध रेघ मारली.

लोवेल दारात आला. "काय करतेस?"

"टेबल नवं करतेय."

"हे कापून?"

"हो."

"लहान होईल की."

"होईल."

त्याने थोडा विचार केला. "बरंच होईल. माझे गुडघे आपटतात."

मी त्याला पूर्ण संधी दिली. करवत हातात धरून उभी राहिले. लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस, चार हंगाम भावाला त्या फळीवर झोपलेलं पाहिलेला माणूस. एक प्रश्न विचारला असता तर मी थांबले असते. कदाचित.

त्याने फळीचं टोक धरलं. "कापताना हलेल, मी दाबून धरतो," म्हणाला.

मी कापलं. अंगातला सगळा राग करवतीत गेला आणि तरी उरला. लोखंडी हात भिंतीला लोवेलनेच बसवला. ड्रिल चालवताना शीळ घालत होता. उरलेला अर्धा तुकडा मी व्हर्लाच्या दाराशी चिखलात टाकला, पायरीसारखा. टेबल फिरवून पाहिलं. डगमगत नव्हतं.

"हे आपण आधीच करायला हवं होतं," लोवेल म्हणाला.

*

गेलन धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन आला. बूट काढले. जांभई दिली. बाकाखाली हात घालून चाचपलं.

"पाय कुठाय याचा?"

"पाय नाही आता," मी म्हणाले. "भिंतीवर हात आहे. फिरतं ते."

त्याने फिरवून पाहिलं. "झकास. आणि खाली कसं करायचं?"

"होत नाही खाली."

"मग झोपायचं कसं?"

लोवेलला उलगडा होताना मी पाहिलं, त्याची नजर फिरत गेली. आधी टेबल, मग बाकं, मग मधली मोकळी जागा, मग मी.

"उरलेली फळी कुठे टाकलीस?" त्याने विचारलं.

"व्हर्ला त्यावर पाय पुसते."

तो तरीही पावसात गेला आणि चिखलाने माखलेली फळी घेऊन आला. दोन बाकांमधे धरून पाहिली. ती सरळ खाली पडली. मग दोघांनी मिळून बर्फाची पेटी मधे ठेवली, त्यावर फळी, त्यावर गादी. गेलन त्यावर आडवा झाला. पेटीचं झाकण आत बसलं आणि तो अर्धा खाली, अर्धा वर असा राहिला, पाय बाकावर, पाठ पेटीत.

मी हसले. हसायचं नव्हतं, पण हसले.

"मुद्दाम केलंस," गेलन पेटीतून म्हणाला.

"हो."

"सांगायचंस ना. तोंड आहे तुला."

"मी रोज तुझ्यासमोर उभ्याने जेवते, गेलन. तुला काय वाटलं, मला आवडतं?"

"मला वाटलं तुझी पाठ दुखते. बसवत नाही."

चार हंगाम. या माणसाला चार हंगाम असं वाटत होतं.

"बरं, हा आंधळा आहे," मी लोवेलकडे वळले. "तुला तर दिसत होतं."

"तो माझा भाऊ आहे गं. जाईल कुठे?"

"मी विचारतेय मी कुठे बसू, आणि तू मला सांगतोयस तो कुठे जाईल."

"आवाज खाली ठेव. व्हर्लाला ऐकू जातंय."

"व्हर्लानेच करवत दिली."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. लोवेलने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"कापलंय मात्र छान," तो म्हणाला. "एक टवका उडाला नाही."

त्या क्षणी माझ्या हातात सूप ढवळायचा डाव होता. मी तो खाली ठेवला. हळूच ठेवला, कारण फेकला असता तर नंतर मीच पुसत बसले असते.

"हंगाम संपेपर्यंत इथे दोघंच झोपतील," मी म्हणाले. "कोण दोघं, ते तू ठरव. मी या बाकावर बसणार आहे."

*

गेलनने पांघरूण आणि उशी उचलली आणि पिकअपमध्ये गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

लोवेल थोडा वेळ उभा राहिला. शेगडी आणि बेसिन यांच्यामधे, माझ्या जागेवर.

"थंडी आहे बाहेर," तो म्हणाला. "आज एकट्याला सोडवत नाही. उद्या बघू काहीतरी."

त्याने आपलं पांघरूण घेतलं, थर्मासमध्ये सूप भरून घेतलं, दोन पेले घेतले आणि गेला.

मी टेबल माझ्याकडे ओढलं. वाडगा ठेवला, क्रॅकर बिस्किटं ठेवली, चमचा ठेवला. कोपरं टेकली. सूप गरम होतं. खिडकीतून पिकअप दिसत होती, काचांवर वाफ धरलेली, आत दोन डोकी. काहीतरी बोलत होते. एकदा दोघं हसल्यासारखे वाटले.

मी संपूर्ण वाडगा बसून संपवला. मग नको असताना दुसरा घेतला आणि तोही बसून संपवला. राग तसाच होता, फक्त आता तो समोरच्या रिकाम्या बाकावर बसला होता आणि आम्ही एकमेकांकडे बघत होतो.

फोन वाजला. बीटच्या यार्डाचा निरोप होता: शेतांकडे पाऊस कालच थांबला, माती वाळतेय, सकाळपासून काम सुरू. मी उठून पिकअपपाशी सांगायला गेले नाही. त्यांच्याकडेही फोन होते.

आणि मग आठवलं: या हंगामाच्या पहिल्या दिवशी, पाळ्या ठरण्याआधी तिघंही एकत्र कामावर असताना, माझे हातमोजे भिजले तेव्हा गेलनने आपले कोरडे काढून मला दिले होते आणि तो दिवस उघड्या हातांनी काढला होता.