जुनं घेत नाही

प्रेमिलाबाईंनी मांडीवरची गोधडी सारखी केली, सुईत लाल दोरा ओवला आणि मोबाइलकडे बघून तिसऱ्यांदा म्हटलं,

"काहून वं, मायचे लुगडे पोत्यात भरून माळ्यावर ठेवून राहिली? आण इकडं."

"आता मस्त," भूमिका मोबाइलच्या मागून म्हणाली. "मघाचं 'काहून' जरा पुस्तकी झालं होतं."

जन्मापासून जी बोली तोंडात आहे तीत सुनेने चुका काढाव्यात, याचं प्रेमिलाबाईंना हसू येई. भूमिका पुण्याची. तिच्या माहेरी कोणी 'मले' म्हटलं असतं तर जेवण थांबवून त्याला दुरुस्त केलं असतं. पण लग्न होऊन नागपूरला आली, सासूला गोधड्या शिवताना आणि शिवता शिवता बोलताना ऐकलं, आणि या घरात विकण्यासारख्या गोष्टी एक नव्हे, दोन आहेत हे तिने बरोबर हेरलं. 'प्रेमिला गोधडीवाली' हे पान तिनेच सुरू केलं. लोक आपल्या आईच्या, आजीच्या जुन्या साड्या पाठवत, प्रेमिलाबाई त्यांची गोधडी शिवून देत. साड्या उघडणं आणि शिवणं सासूकडे. चित्रण, मजकूर, आलेले निरोप सुनेकडे. कामाची वाटणी इतकी चोख होती की कोणी कोणाच्या खोलीत डोकावत नसे.

"लोक गोधडी घेत नाहीत, आई," भूमिका सांगे. "गोष्ट घेतात. गोधडी सोबत जाते."

त्या दिवशी तिला अशीच एक गोष्ट हवी होती. प्रेमिलाबाईंनी गोधडी जवळ ओढली. मग डाव्या हाताने टाका घालत, शेजारणीशी बोलावं तशा बोलल्या.

"आमची माय गेली. गोधडी एक, पोरी दोन. मोठी म्हणे, मायचं अंथरूण मोठीले, असा नियम आहे. म्या म्हटलं, नियम असन तं नियम. ठेव तूच. चप्पल घातली अन् निघून आली. मंग करतं काय? सोताच शिवाले बसली. म्हणून म्हणते बायांनो, बहिणीसंगं भांडा. धंदा होते."

भूमिका इतकी हसली की मोबाइल हलला. पण तेवढं चालतं, उलट खरं वाटतं, असं तिचं मत होतं. तिने रील पाहून घेतलं. सासूला स्वतःला बघता यावं म्हणून पुढच्या कॅमेऱ्याने काढलेलं असल्यामुळे त्यात आरशासारखी उलटापालट होई आणि डावखुऱ्या प्रेमिलाबाई जगाला उजव्या हाताने शिवताना दिसत.

"हे खाप्याले दिसन?" प्रेमिलाबाईंनी दोरा तोडत विचारलं.

"सगळीकडे दिसतं. अमेरिकेतसुद्धा."

"अमेरिकेचं नाही विचारून राहिली."

खापा त्यांचं माहेर. नागपुरातल्या जरीपटक्याच्या या घरापासून तासाभराचा रस्ता. नदीकाठच्या त्या गावात त्यांची मोठी बहीण पुष्पलता राहत होती, आणि गोधडीवरून झालेल्या भांडणाला सात वर्षं होत आली होती. तेव्हा भूमिका या घरात यायची होती. बहिणीचा जुना नंबर लागत नव्हता, नवा कोणाकडून मागायचा तर मागितल्याचं खाप्याला कळलं असतं. भेटायला जायला प्रेमिलाबाईंची काही हरकत नव्हती. आधी तिकडून काहीतरी हललं पाहिजे, इतकंच.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्या भूमिकेजवळ येऊन बसल्या.

"कालच्याले कोणाकोणाचे बदाम आले, वाच बरं."

"खूप आलेत, आई. आणि ते बदाम नाहीत, हार्ट आहेत. सगळी नावं वाचू?"

"बसलीच तं आहे मी."

भूमिका वाचू लागली. "सुमंत. दिपाली. एंजल. महादेवराव काहीतरी. नागपूर साडी सेंटर..."

प्रेमिलाबाई प्रत्येक नावाला मान हलवत होत्या, रेशनच्या दुकानात पुकारा ऐकावा तशा. यादी संपली. त्यांनी पदराने चष्मा पुसला.

"बस? एवढेच?"

सासूला लाइक्सची चटक लागली, असं भूमिकेने रात्री नवऱ्याला, अश्विनला, सांगितलं. अश्विन म्हणाला, लागू दे, कोणाला नाही लागत.

आठवडाभर पान धो धो चाललं. निरोपांचा ढीग झाला. भूमिका दुपारी ते निवडायला बसे आणि काम करत असलेल्या सासूला एकेका वाक्यात त्यांचा सारांश सांगे, कारण सगळं वाचून दाखवायचं तर शिवायचं कधी.

"एक बाई विचारते, रेशमी साडी चालेल का."

"चालन. अस्तर सुती लागन म्हणा."

"एकीला लग्नाला द्यायचीय, लवकर हवी."

"लग्न पुढं ढकला म्हणा."

"आणि ही एक एंजल आहे. घर बदललंय वाटतं, दुसरीकडे जाऊन राहिलीय. जुनी गोधडी आहे म्हणते, पाठवू का विचारते."

जुन्या गोधड्या ही प्रेमिलाबाईंची डोकेदुखी झाली होती. लोक फाटकी, कुबट, उंदरांनी कुरतडलेली गाठोडी पाठवत आणि 'तेवढं नीट करून द्या' म्हणत. मागच्याच महिन्यात त्यांनी नियम केला होता. आताही त्यांनी सुईवरून नजर काढली नाही.

"आपण जुनं घेत नाही. नियम सांग तिले."

नियमाचं उत्तर भूमिकेने तयारच करून ठेवलं होतं. एक बोट दाबलं की जाई: 'नमस्कार ताई. आम्ही जुनं घेत नाही. नवीन गोधडीसाठी आपला पूर्ण पत्ता पाठवावा.' पण गिऱ्हाइकाला यंत्राशी बोलल्यासारखं वाटू नये, म्हणून ती प्रत्येक वेळी एखादी ओळ मनाने जोडत असे. याही वेळी जोडली. 'नवीन घरासाठी खूप शुभेच्छा.' आणि पुढे एक लहानसं घर, लाल कौलांचं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ते वाचून भूमिका एकटीच हसली आणि तिने ते 'पत्ता अपूर्ण' या खणात टाकलं.

त्यानंतर पंधरवडा गेला असेल. एका दुपारी ऑर्डरी कमी होत्या आणि भूमिकेला नवं काही सुचत नव्हतं. सासू खिडकीशी बसून कुणाच्या तरी आजीच्या नऊवारीचे चौकोन कापत होती.

"आई, लोकांचे गमतीदार मेसेज वाचून दाखवायचे, असं रील करू या? एक तर भन्नाट आहे. तुमचा डायलॉग फेमस झालाय, बघा." भूमिकेने घसा साफ केला आणि जमेल तेवढा नागपुरी हेल काढला. "'नव्या घराचा पत्ता कोणालेच मालूम नाही वं पोरी. मालूम झाला तं कळवतो. अन् जुनं घेत नाही तं राहू दे. नियम असन तं नियम.'"

कात्री थांबली.

"कोणाचं आहे?"

"ती एंजल नाही का. घर बदललेली."

"तिनं पहिले काय लिहिलं होतं? तुझ्या शब्दात नको सांगू. तिनं लिहिलं तसं वाच."

भूमिकेने बोटाने मजकूर खाली ओढला. आता तिने हेल काढला नाही.

"'तुमच्या बाईले सांगा, मी जाऊन राहिली. एक जुनी गोधडी आहे. एका कोपऱ्यातला टाका उलटा आहे, तिले समजन. पाठवू का?'"

प्रेमिलाबाईंनी कात्री खाली ठेवली. ती चौकोनांवर ठेवली, मग तिथून उचलून बाजूला ठेवली. लहानपणी मायने दोघी बहिणींना गोधडीचा एकेक कोपरा शिवायला दिला होता. धाकटीचे टाके डाव्या हाताचे, उलटीकडून चालत आलेले. माय म्हणाली होती, उसव. मोठी म्हणाली होती, राहू दे वं, तिचा कोपरा समजन तरी.

"आई? काय झालं? जाऊन राहिली म्हणजे... राहायला गेली ना?"

"राहाले नाही." प्रेमिलाबाई उठून उभ्या राहिल्या आणि कशासाठी उठलो ते न आठवल्यासारख्या पुन्हा बसल्या. "तू दुकानात जाऊन राहिली म्हणजे काय करून राहिली?"

"चालले आहे. जाते आहे." भूमिका बोलता बोलता थांबली. हे व्याकरण तिला येत होतं. याच्यावर तिने एक रीलसुद्धा केलं होतं. तिने खाली पाहिलं, तर तिथे शुभेच्छा होत्या आणि लाल कौलांचं घर.

"थे माझी बहीण आहे," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "फोन लाव."

नंबर नव्हता. भूमिकेने त्या पानावरूनच फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग अश्विनला लावला. तो म्हणाला, गाडी काढतो, अर्ध्या तासात येतो, तयार राहा.

"तोवर काही लिहू का त्यांना?" भूमिकेने विचारलं. "माफी मागू? माझं चुकलं असं लिहू?"

"थे अन् मी पाहून घेऊ. जुनं घेत नाही, हे म्याच म्हटलं." प्रेमिलाबाई साडी बदलायला आत निघाल्या होत्या, दारात थांबल्या. "लिही, मी येऊन राहिली."

भूमिकेने लिहिलं. एकही अक्षर न सुधारता लिहिलं, दोनदा वाचलं आणि पाठवलं.

प्रेमिलाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी ठेवणीतली हातमागाची साडी नेसली होती आणि हातात एक पिशवी होती. पिशवीत काय न्यायचं ते न ठरल्याने ती रिकामीच होती. त्यांनी डब्यातले बेसनाचे लाडू त्यात घातले.

"गोड नाही खात आता म्हणन," त्या स्वतःशीच बोलल्या, "अन् मंग थेच दोन खाईन."

तेवढ्यात मोबाइल वाजला. मग पुन्हा वाजला. मग थांबेचना.

"तीच आहे," भूमिका एकदम हसली. "एंजल. लाइक देऊन राहिली, आई. तुमच्या पहिल्या रीलपासून. ओळीनं देऊन राहिली."

प्रेमिलाबाई तिच्या शेजारी टेकल्या. पडद्यावर लाल बदाम एकामागून एक वर येत होते. सुई कशी ओवायची. काठ कसा कापायचा. मायची भाजी. जरीपटक्याच्या बाजारात चिंध्या कशा निवडायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर एक जुनी, थोडी मगरूर खुशी पसरत गेली.

"पाहून राहिली होती तं सारं," त्या म्हणाल्या. "मले वाटलंच. एक दिला नाही इतके दिवस. अशीच आहे थे."

बदाम थांबले आणि खाली मजकूर आला. भूमिकेने तो मनात वाचला. मग मोबाइल मांडीवर पालथा घातला.

"वाच."

"आई..."

"तिनं लिहिलं तसं वाच वं."

भूमिकेने मोबाइल उचलला. "'मी मेघा. पुष्पाआजीची नात. आजी सोमवारी गेली. थे तुमचे व्हिडिओ रोज कानाशी लावून ऐकत होती. मले म्हणे, लाइक देऊ नको, दिला तं माजन थे. मी गेली का सारे दे. म्हणून आत्ता दिले. गोधडी आजीच्या अंगावर जाऊ दिली. तिनंच सांगतलं होतं, का तिथं जुनं घेत नाहीत.'"

गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत राहिला. खाली भूमिकेने लिहिलेली ओळ तशीच होती, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत, ती पाहिली गेल्याची खूण.

प्रेमिलाबाईंनी पिशवीचे बंद एकमेकांत अडकवले, सोडले, पुन्हा अडकवले.

"मायच्या गोधडीवालं होतं," त्या म्हणाल्या, "बहिणीसंगं भांडा म्हटलेलं. त्याले दिला का तिनं?"

भूमिकेने पाहिलं. आताच्या बदामांत ते रील नव्हतं. त्याच्या आधीच्या सगळ्या रीलना होते, नंतरच्यांना होते, तेवढंच वगळलेलं. ती नाही म्हणणार होती. मग तिने ते रील उघडलं, त्याची जुनी यादी काढली आणि तिचं बोट वरच्या वरच थांबलं.

खाली अश्विनच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"आहे, आई. टाकलं त्याच दिवशीचं आहे." तिने मोबाइल सासूसमोर धरला. "मी वाचलं होतं तुम्हाला."

"वाच बरं पुन्हा. त्या दिवशी वाचले तसे."

"सुमंत," भूमिका म्हणाली. "दिपाली. एंजल."

"बस," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "पुढचे नको वाचू."