उजवीकडली डिस्क

चूप बसणं आमच्या ह्यांले कधी जमलंच नाई. शंकरपटात बैलजोड्या पळतात न, तिथं माइक धरून हे कॉमेंट्री करत. खाप्याकडल्या कोण्याही पटात लोक पहिले विचारत, "बाबाराव आले का?" बैल मागून पाहत. घरीही तेच. दूध उतू गेलं तरी असं सांगत का जशी जोडीच उधळली. मी दिवसभर एकच म्हणो, "चूप बसा हो जरा!"

मग खर्र्यानं, त्या तंबाखू-सुपारीच्या पुडीनं, घात केला. घशात गाठ निघाली आन् डॉक्टरनं आवाजाची पेटीच काढून टाकली. जीव वाचला, बाप्पा, पण आवाज गेला. आता मानेत भोक आहे, त्यातून श्वास घेतात. तोंडातून शब्द नाई निघत. मी पानठेल्यावाल्याले शिव्या दिल्या, मग ह्यांले दिल्या, मग देवालेही दिल्या. आन् देवघरातली पितळेची घंटी आणून ह्यांच्या हाती दिली. काही लागलं तं वाजवा म्हटलं.

दवाखान्यात गार्गी मॅडम आहेत, आवाज गेलेल्या माणसांले बोलाले शिकवतात. त्या म्हणाल्या, "ह्यांची जुनी रेकॉर्डिंग असेल तर आणा. भरपूर साफ आवाज मिळाला तर मोबाइल ह्यांच्याच आवाजात बोलेल. ह्यांनी फक्त टाइप करायचं." हे आयकून आमचे बाबाराव तिथंच लेकरासारखे रडले. मी नाई रडली. मी म्हटलं, घरी जाऊन शोधू.

रेकॉर्डिंग होती. आमचा पोरगा आयुष कॉलेजात होता तेव्हा प्रत्येक पटाचा व्हिडिओ घे. ते सारं त्याच्या जुन्या कॉम्प्युटरात. कॉम्प्युटर केव्हाचा बंद पडला. आयुषनं त्यातली हार्ड डिस्क काढली, जोडून पाह्यली, तं आतून टक-टक करे. त्यानं घाईघाईनं बंद केली.

"आई, ही मराले टेकली आहे. आता एकदाच चालवाची आन् सारं दुसरीकडं घ्याचं. परत परत नाई चालणार ही."

"मग घे न तुह्या लॅपटॉपवर!"

"मावणार नाई त्यात. आन् लॅपटॉप गेला तं? घरातच एक डबा ठेवू. दोन डिस्क त्यात, दोन्हीवर तेच. एक गेली तरी दुसरी राह्यते. तुम्ही, मी, सारे मोबाइलवरून पाहू शकतो."

सीताबर्डीवर दुकानात मीही गेली. डबा घेतला, मग दुकानदारानं स्वस्तवाल्या डिस्क काढल्या. मी म्हटलं, ह्याच घे. आयुष म्हणे, "नाई, ह्या साध्या कॉम्प्युटरच्या. डबा रात्रंदिवस चालू राह्यते, त्याच्यासाठी वेगळ्या येतात." मी म्हटलं, डब्याले का चौकीदारीवर ठेवाचं आहे? दुकानदार हसला. "काकू, महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार." रडाले आमच्या घरी काही कमी नव्हतं, म्हणून मी महागवाल्या दोन घेऊ दिल्या. कंपनी तीच निघाली, जुन्या डिस्कवालीच. आकार तोच, रंग तोच.

दुसऱ्या दिवशी बेसाच्या आमच्या फ्लॅटात ऊन असं तापलं होतं का खिडकीले हात लागत नव्हता. कूलर घरघरत होता. हे दिवाणावर बसले होते, डोळे डब्यावर. आयुषनं पाटावर डबा ठेवला, डब्याच्या बाजूले ओळीनं तिन्ही डिस्क.

"आई, उजवीकडली जुनी आहे. तिले हात लावू नको. मी राउटरची वायर काढून येतो."

आता नवी वस्तू घरात आली आन् हळदी-कुंकू नाई, असं माह्या घरी कधी झालं नाई. सायकलीले केलं, मिक्सरले केलं, मग ज्या डब्यात माह्या नवऱ्याचा आवाज राह्यणार त्याले काहून नाई? दिवा लावला. पाटाचं तोंड पूर्वेकडं नव्हतं, म्हणून पाट फिरवला. डब्याले बोट लावलं, डिस्कांले लावलं, जुनीलेही लावलं, तीच तं खरी देवता. आरतीले घंटी पायजे, म्हणून ह्यांच्या हातातली मागून घेतली.

आयुष आला. "झाली पूजा? आता नव्या दोन या खाचांमधी बसव." मी उजवीकडली सोडली आन् बाकीच्या दोन बसवल्या. खट-खट, मस्त बसल्या. आयुष वायर लावून राहिला होता, त्यानं फक्त विचारलं, "उजवीकडली बाहेर आहे न?"

"हाव गा, बाहेरच आहे."

डबा चालू झाला. हिरवे दिवे लागले. आयुष लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला.

ह्यांनी टाळी वाजवली. मी म्हटलं, "चहा ठेवते, थांबा."

परत टाळी, जोरात. मग मांडीवर हात आपटले. मले वाटलं, आनंदानं करून राहिले. "हो हो, होऊन राहिलं तुमचं काम, मधात मधात करू नका!"

आयुष मोठ्यानं वाचे, "दोन्ही डिस्कवरचं सारं कायमचं पुसलं जाईल. मंजूर?" आन् म्हणे, "पुसू दे, नव्याच तं आहेत. पासवर्ड टाकाले लावते हे."

हे उठले. आजारपणातून पाय असे झाले आहेत का भिंत धरून चालतात, पण उठले. मानेतल्या भोकातून श्वास सूं-सूं वाजे. आयुषकडं हात केला, त्याचं लक्ष नाई. घंटीकडं पाह्यलं, ती पाटावर, माह्या पलीकडं. मी चिडलीच. "अहो बसा न! पडसाल तं मले निस्तरा लागंल! चूप बसा जरा!"

ते बसले नाई. दाराकडं गेले आन् मेन स्विच खाली पाडला.

कूलर थांबला. डब्याचे दिवे गेले. "अहो, येड लागलं का तुम्हाले?" मी वरडली.

ह्यांनी एक हात स्विचवरच ठेवला आन् दुसऱ्या हाताचं बोट पाटाकडं केलं. मग ते बोट हवेत गोल फिरवलं. एकदा, परत एकदा.

"आयुष," मी म्हटलं, "पाट मी फिरवला. उजवीकडली डावीकडं गेली."

आयुषनं खालची खाच ओढली. कुंकवाखाली जुनी चिठ्ठी होती, कोपऱ्यात त्याच्याच अक्षरात लिहिलेलं, पट. मी विचारलं,

"बटन दाबलं होतं का तू?"

"आई, मले... मले आठवून नाई राहिलं."

दोन्ही डिस्क बाहेर निघेपर्यंत ह्यांनी स्विचवरचा हात काढला नाई. मग स्वतःच मेन वर केला. आयुषनं जुनी डिस्क बाहेरच्या डब्बीत घालून लॅपटॉपले जोडली. टक. टक. स्क्रीनवर काहीच नाई. टक. मी देवाचं नाव घेतलं नाई, त्या दिवशी तोंड नव्हतं मले. मी ह्यांचा हात धरला. तो थंडगार होता, एवढ्या उन्हात.

मग एक फोल्डर आलं. आयुषनं एक फाइल उघडली. धूळ, गर्दी, आन् ह्यांचा आवाज, असा भरलेला का खोली पुरंना.

"सुटली! सुटली रे, जोडी सुटली! पोट्टेहो, बाजूले व्हा! बाजूले व्हा म्हणतो न!"

भिंतीले टेकून हे उभे होते आन् त्यांचे ओठ त्या आवाजासंगं हलत होते. दवाखान्यात मी रडली नव्हती. तिथं फरशीवर बसून रडली, पदर तोंडात घालून, कारण मधात मले एकही शब्द बुडू द्याचा नव्हता.

नव्या डिस्क बसल्या, जुनीवरचं सारं दोन्हीकडं उतरलं. तोवर हे डब्याजवळून हलले नाई. घंटी मी परत त्यांच्या हाती दिली, आन् देवघरासाठी दुसरी आणली.

पावसाळ्यात गार्गी मॅडमनं मोबाइल तयार करून दिला. घरी येऊन हे दिवाणावर बसले आन् बराच वेळ टाइप करत राह्यले. मी पोळ्या लाटून राहिली होती. मागून आवाज आला, थोडा सपाट, पण ह्यांचाच.

"शोभे, त्या दिवशी मी किती वरडून राहिलो होतो, तुले आयकूच नाई आलं."

गॅस बंद केला. पिठाचे हात तसेच घेऊन मी त्यांच्या समोर जाऊन बसली.

"बोला," मी म्हटलं. "आता मी आयकून राहिली."