मोनालीची ओटी आणि तीन किलो बिबडे

देवपुरातल्या कोकिळाचा बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, धंदा पाच वर्षांत एवढा वाढला होता की गच्चीवर तिच्या नवऱ्याला टॉवेल वाळत घालायला जागा उरली नव्हती. ज्वारी भिजवायची, आंबवायची, दळायची, तिचा घाटा शिजवायचा, ओल्या फडक्यावर पातळ थापायचा आणि उन्हाच्या हवाली करायचा. धुळ्याचं ऊन बाकी कशाला उपयोगी असो नसो, या कामात कुचराई करत नाही. खडखडीत सुकलेले बिबडे कोकिळा पुण्याला, सुरतेला, बंगळुरूला पाठवायची. एका वेबसाइटवर तिचं छोटंसं दुकान होतं आणि तिथे ग्राहकांनी दिलेले तारे ती रोज सकाळी देवापुढे दिवा लावायच्या आधी बघून घ्यायची.

त्या दुकानाच्या पानावर एक चौकोन होता. परदेशात माल पाठवता का? कोकिळाने पाच वर्षं तो कोराच ठेवला होता. वेबसाइटवाले दर महिन्याला विचारायचे की का पाठवत नाही, कारण निवडा. खाली कारणं तयार असायची. खर्च फार, नियम किचकट, माल परत येतो, इतर. कोकिळाला यातलं एकही अनुभवाने ठाऊक नव्हतं, म्हणून ती पान बंद करून टाकायची.

ठाऊक होतं ते कुरियरच्या गिरधरभाऊंना. परदेश म्हटलं की ते आधी कानाच्या पाळ्यांना हात लावत आणि मग एका लोणच्याची हकीकत सांगत. ते लोणचं म्हणे कुणा भाचीकडे निघालं, पत्त्यात काहीतरी कमी पडलं, चार देश फिरून पाच महिन्यांनी धुळ्यात परत आलं. "मुरून आलं, पण परत आलं," एवढं बोलून गिरधरभाऊ समोरच्याकडे असं बघत की अर्धं गिऱ्हाईक तिथूनच घरी जाई. कोकिळाही दोनदा गेली होती.

तिसऱ्यांदा मात्र ती गेली नाही, कारण मोनालीचा निरोप आला होता. मोनाली मूळची बोदवडची, नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यूझीलंडला राहणारी. तिने लिहिलं होतं की सातवा महिना चालू आहे, खायची वासना फक्त बिबड्यांवर आहे, आई चार वर्षांपूर्वी गेली आणि इथे कुणाला बिबडे म्हणजे काय ते सांगूनही कळत नाही. ताई, एकदाच पाठवाल का?

कोकिळाचा जीव कळवळला आणि तिने तो निरोप घरात मोठ्याने वाचला. हीच तिची चूक. ग्राहकाचा निरोप घरात मोठ्याने वाचायचा नसतो, निदान बेबाबाईंसारखी सासू घरात असताना तरी नाही. बेबाबाई तेव्हा लसूण सोलत होत्या. सातवा महिना ऐकून त्यांचा हात थांबला, आई नाही म्हटल्यावर त्यांनी लसणाचं ताट बाजूला सारलं आणि एवढंच विचारलं की पोरीचं लग्नानंतरचं आडनाव काय. कोकिळाने सांगितलं. पुढे त्या काही बोलल्या नाहीत. बेबाबाई गप्प बसल्या की घरातल्या माणसांनी सावध व्हायचं असतं, पण कोकिळाचं डोकं पत्ता नीट लिहिण्यात गुंतलेलं होतं.

तीन किलो बिबडे तिने निवडून निवडून घेतले. एकही फुटका नाही, एकही करपट नाही. पिशव्या केल्या, खोक्यात रचल्या, वर कागद घातला. तेवढ्यात फॉर्मची प्रत काढून आणायची राहिली म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. जाताना सासूबाईंना म्हणाली की आत्या, जरा खोक्यापाशी बसा, चिकटपट्टी लावून ठेवा. परत आली तर खोकं बंद, चिकटपट्टी पाच पदरी, आणि आत्या माळ ओढत बसलेल्या. कोकिळाला वाटलं, म्हातारीने मन लावून काम केलं.

मन लावून केलंच होतं. कुरियरच्या काट्यावर खोकं नऊशे ग्रॅमने जास्त भरलं. कोकिळाने घरच्या काट्याला दोष दिला. गिरधरभाऊंनी चिकटपट्टीकडे बघून भुवया उंचावल्या आणि फॉर्म पुढे केला. आत बी आहे का? नाही. धान्य? नाही. फळ, मूळ, रोपाचा कोणताही भाग? नाही, नाही, नाही. प्रत्येक नाहीपुढे कोकिळाने ठसठशीत खूण केली आणि खाली अशी सही केली की दहावीच्या पेपरावरही तिने तेवढी देखणी सही केली नव्हती. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या भूपेंद्राने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, बिबड्यांचं वर्णन आधीच घोटून दिलं होतं. आंबवलेल्या ज्वारीची, उन्हात वाळवलेली, पातळ, गोल, खाण्याची वस्तू. गिरधरभाऊंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले की वाचून भूक लागत नाही, पण चालेल.

नऊ दिवस खोकं मोबाइलच्या पडद्यावर पुढे पुढे सरकत राहिलं. दहाव्या दिवशी ते तिथल्या विमानतळावर थांबलं आणि हललंच नाही. रोज मोनाली विचारायची, ताई, कुठवर आलं? एकदा तिने लिहिलं की रात्री स्वप्नात आई घाटा ढवळत होती आणि मी वाटी घेऊन उभी होते. ते वाचून कोकिळाला जेवण गेलं नाही. पोरीला आईच्या हातचं तर आता कुणीच देऊ शकणार नव्हतं. पण बिबडे तरी वेळेत मिळावेत, बाळ व्हायच्या आत मिळावेत, एवढं एक तिला स्वतःच्या हाताने करायचं होतं.

बाराव्या दिवशी पत्र आलं. भूपेंद्राने ते वर्गात वाचतात तसं उभं राहून वाचायला घेतलं. फॉर्ममध्ये न दाखवलेल्या वस्तू खोक्यात मिळाल्या आहेत. नारळ एक, शेंडीसह. गहू, पेरण्याजोगे, अंदाजे तीन मुठी. पिवळं वाळलेलं मूळ एक. सुपारी एक. खारका पाच. लाल भुकटी, घटक अज्ञात. नाणं एक, हरकत नाही. हिरवं कापड एक, हरकत नाही. आणि गाठ मारलेल्या पिशवीत काळा, मऊ पदार्थ, ओळख पटली नाही.

"केळं शे ते," बेबाबाई आतून म्हणाल्या. "जयगावनं. चांगलं पिवयंधम्मक व्हतं."

भूपेंद्राने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. कोकिळा मात्र भडकली. लग्नाला बारा वर्षं झाली, पण सासूसमोर तिचा आवाज एवढा चढला नव्हता. ती म्हणाली की मी सगळीकडे नाही लिहून सही केली, आता तिथले लोक मला खोटारडी म्हणतील, ते खोकं परत येईल, ती पोर वाट बघत बसेल, आणि हे सगळं एका जळगावच्या केळ्यापायी. कुणी विचारलं होतं तुम्हाला?

बेबाबाई बाहेर आल्या. पदर सारखा केला. आवाज चढवला नाही.

"ते खोकं नही शे माय, तिनं माहेर शे. सातवा महिनामा पोरले माहेर रिकामी धाडस का कधी?"

म्हणजे आत्यांनी खोक्यातच ओटी भरली होती. तिची स्वतःची आई पिंपळनेरची. दोन्ही बाळंतपणांच्या वेळी तिची ओटी भरताना आईने नारळ एवढा मोठा आणला होता की उठताना भूपेंद्राला हात द्यावा लागला होता. कोकिळाला राग तर आलेला होताच, पण तो ठेवायला आता जागा सापडेना.

पत्राच्या शेवटी दोन चौकोन होते आणि उत्तराला तीन दिवस. पहिला चौकोन, न दाखवलेल्या वस्तू नष्ट करा, बाकीचा माल पुढे जाईल. दुसरा, सगळंच परत पाठवा. कोकिळाने पहिल्यावर बोट नेलं, तोच बेबाबाईंनी तिचा हात धरला. पोटुशीच्या ओटीला कुणी काडी लावतं का? पोरीच्या बाळाला काही झालं तर कोण जबाबदार? एवढं बोलून त्या देवघरासमोर जाऊन बसल्या आणि त्यांनी जाहीर केलं की ओटी जळणार असेल तर आपण जेवणार नाही.

म्हणजे खोकं परत मागवलं तर मोनाली उपाशी, आणि पुढे पाठवलं तर सासू. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच, फक्त विहीर न्यूझीलंडला होती. दोन दिवस घरात भाकऱ्या कमी झाल्या. अर्थात बेबाबाई दुपारी शेंगदाणे खात होत्या, पण ते उपवासात धरायचे नाहीत असं ठरलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी कोकिळा गच्चीवर बिबडे उलटत होती. खाली पांझरा नदीचं कोरडं पात्र दिसत होतं. तिथेच दरवर्षी त्यांचा गणपती जातो. पाणी असेल तर पाण्यात, नसेल तर डबक्यात. ती तशीच घाट्याच्या हातांनी खाली आली.

"आत्या, गणपतीले आपन नष्ट करतस का?"

बेबाबाईंनी डोळे उघडले. विसर्जन करतो, त्या म्हणाल्या. मग ओटीचंही विसर्जनच समजा, कोकिळा म्हणाली, फक्त हात दुसऱ्यांचे. बेबाबाईंना हे पटलं, पण अटींवर. गहू पाखरांना घालायचे. नारळ फोडून तिथल्या सगळ्यांनी प्रसाद म्हणून खायचा. कुंकू हापिसातल्या एखाद्या सवाशिणीला लावायचं. केळ्याचं त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिलं.

कोकिळाने पहिल्या चौकोनात खूण केली. भूपेंद्राने शेऱ्याच्या जागेत हे सगळं शुद्ध इंग्रजीत उतरवलं, चुकीच्या सहीबद्दल माफी मागितली, ओटी म्हणजे काय ते सहा ओळींत समजावलं आणि दोन ठिकाणी 'कृपया' जास्त घातलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. सूचनांबद्दल आभार. धान्य पक्ष्यांना घालण्याची आम्हाला परवानगी नाही. नारळ खाण्याचीही नाही. तथापि सर्व वस्तूंची विल्हेवाट आदरपूर्वक लावली जाईल.

आदरपूर्वक हा शब्द बेबाबाईंनी भूपेंद्राकडून तीनदा वाचून घेतला. साहेब चांगल्या घरचा दिसतो, असा निर्वाळा देऊन त्यांनी वरणबट्टीचं ताट पुढे ओढलं. त्या दिवशी त्यांनी जेवणाला न्याय दिला.

आठवड्याने खोकं मोनालीच्या दारात पोचलं. लगेच फोटो आला आणि कोकिळाने तो बोटांनी मोठा करून पाहिला. त्या नारळाने धुळ्यापासून न्यूझीलंडपर्यंत आपलं काम इमानेइतबारे केलं होतं. तीन किलो निवडक बिबड्यांमधला एकही अख्खा उरला नव्हता. नुसता चुरा. कोकिळाने मनातल्या मनात तारे मोजले आणि पाचातले चार पुसले.

मग मोनालीचा आवाज आला. रेकॉर्ड केलेला, मध्येच नाक ओढलेला. ती म्हणाली की चुऱ्यात कांदा आणि कच्चं तेल घालून दोन वाट्या खाल्ल्या. बोदवडला डब्याच्या तळाचा चुरा लहानपणी तिचाच असायचा, आई दुसऱ्या कुणाला घेऊ द्यायची नाही. मग म्हणाली,

"ताई, खोक्यात वरती तपासणीवाल्यांची यादी चिकटवली होती. काय काय काढून घेतलं त्याची. नारळ, गहू, हळकुंड, सुपारी, खारका. मी वाचत गेले आणि माझ्या लक्षात आलं. मी ते हिरवं कापड मांडीवर पसरलं आणि यादी त्यावर ठेवली. इथे माझी ओटी कुणी भरेल असं मला वाटलं नव्हतं. तुमच्या घरात ज्यांनी भरली त्यांना सांगा, मिळाली."

कोकिळाला रडू आलं आणि तिने ते अडवलं नाही. भूपेंद्र खिडकीतून बाहेर बघत राहिला. बेबाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, पण लगेच काढला, कारण त्यांना सुनेकडे बघायचं होतं.

"मंग पोहचनी ना ओटी," त्या म्हणाल्या.

दुकानावर पाचही तारे पडले. भूपेंद्र म्हणाला की आता परदेशाचा चौकोन चालू कर, अनुभव आलाय, फॉर्म पाठ झालाय, घाबरायचं कारण उरलं नाही. कोकिळालाही तसंच वाटलं आणि तिने चौकोनात खूण केली. ती आठवडाभर राहिली. मग एका दुपारी ती आतल्या खोलीत गेली तर बेबाबाईंनी जमिनीवर डिंकाचे लाडू, बाळाचं दुपटं, बाळगुटीची मुळं आणि खारकांची पुडी मांडली होती. आपल्या मोनालीचे दिवस कधी भरतात, असं त्यांनी विचारलं. आपल्या. त्याच दिवशी मोनालीने आणखी तीन किलो मागवले आणि किंमत विचारली. कोकिळाने आकडा लिहिला आणि खोडला. पुन्हा लिहिला आणि पुन्हा खोडला. लेकीकडून बिबड्यांचे पैसे घेतलेली बाई तिने खानदेशात पाहिली नव्हती, आणि अशी एक एक लेक देशोदेशी होत गेली तर वर्षभरात गच्ची विकायची वेळ आली असती.

तिने दुकानाचं पान उघडलं आणि चौकोनातली खूण काढून टाकली. कारण निवडा, पानाने विचारलं. खर्च फार? नाही. नियम किचकट? तेही निभावले असते. माल परत येतो? आला नव्हता. तिने 'इतर' निवडलं आणि पुढच्या जागेत लिहिलं, ग्राहक नात्यात निघतो.

मग ती आतल्या खोलीत गेली. सासूच्या देखत तिने लाडू, मुळं आणि खारका बाजूला केल्या आणि त्यांची नावं एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून काढली. वस्तूंऐवजी नुसती यादी पाठवायला हरकत नव्हती. दुपटं मात्र तिने उचललं आणि वजनाला काट्यावर ठेवलं, कारण ते कापडाचं होतं.