कल्पेशची वाट

करंजाडेच्या एका सोसायटीत ट्रेक ठरला की आधी टी-शर्टचा रंग ठरायचा. वाटेचा विचार सर्वांत शेवटी. यंदा मात्र वाट आधीच ठरली होती.

गेल्या पावसाळ्यात तळमजल्यावरचा कल्पेश काळव्याच्या खोऱ्यात एकटा गेला आणि जिवंत परतला नाही. कड्याखाली तो सापडला तेव्हा त्याचा फोन खिशातच होता. तो चालला तशी त्याची रेघ फोनने नकाशावर काढून ठेवली होती. त्याच्या मित्राने, परेशने, ती रेघ ट्रेकिंगच्या ॲपवर टाकली आणि नाव दिलं, ‘कल्पेशची वाट’. लोकांनी तिला भरभरून तारे दिले. आता वर्षश्राद्धाच्या रविवारी सगळ्यांनी त्याच वाटेने जाऊन, ती जिथे संपते तिथे दिवा लावायचा होता.

ट्रेकची आखणी सोसायटीतल्याच मनस्वीकडे होती. ती भूगर्भशास्त्र शिकलेली. रेघेखाली तिने उंचीच्या रेषा टाकून पाहिल्या आणि तिचा हात थांबला. पठारापर्यंत रेघ सरळ, ऐटीत चढली होती. पुढे मात्र ती मागे वळली, पुन्हा पुढे गेली, त्याच जागेभोवती फिरत राहिली. पावसाच्या थेंबात अडकलेली मुंगी फिरते तशी. मग अचानक एका बाजूला निघाली आणि संपली. तिथे उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हणजे उभा कडा.

तिने परेशला शंका सांगितली. तो म्हणाला, “घाबरलीस? कल्पेशने केलीय ना ही वाट!”

ट्रेकसाठी सगळे जमले त्या दुपारी परेशने रेघ टीव्हीवर लावली. निळा ठिपका चालू लागला. कल्पेशची आई, कुमुदकाकू, दाराशी बसल्या होत्या. ठिपका चढला, भिरभिरला, कड्याशी थांबला, आणि ॲपमधली बाई गोड आवाजात म्हणाली, “तुम्ही मुक्कामी पोहोचला आहात.”



काकू उठून पडद्याजवळ गेल्या. त्या गुंत्यावर त्यांनी बोट ठेवलं. “इथं एवढा गुंता कसला गो?”

परेश घाईने म्हणाला की धुक्यात सिग्नल हलतो, मशीनची गडबड असते. मनस्वीला तेवढ्यावर गप्प बसता आलं असतं. मशीन इतकं चुकत नाही, हे तिला माहीत होतं.

“तो वाट चुकला होता, काकू,” ती म्हणाली. “परतीचा रस्ता शोधत होता.”

काकूंचं बोट त्या गुंत्यावरून हळूहळू फिरलं, पुन्हा पुन्हा, कोणाच्या तरी मागे चालल्यासारखं.

“म्हंजे माझा पोरगा रस्ता शोधीत वणवण फिरला, न् तुमी त्यालाच रस्ता म्हणता?”

“काकू, त्याची आठवण म्हणून...”

“आठवण माझ्या घरात हाय, परेश. तिला डोंगरात नको ठेवू. कुणीतरी तिच्या मागं मागं जाईल.” मग त्या मनस्वीकडे वळल्या. “जो गेला त्याची वाट कशाला धरता? जो जाऊन परत आला, त्याला विचारा!”

परेशने खाली मान घालून फोन काढला. पडद्यावरची रेघ पुसली गेली, तेव्हा काकूंनी डोळे मिटून घेतले. पण त्यांनी त्याला थांबवलं नाही.

रविवारचा ट्रेक रद्द झाला. दिवा काकूंच्या ओट्यावर लागला. खोऱ्यात जायचं ते पाऊस सरल्यावर, उजेडात. पायथ्याच्या वाडीतला गोरख तिथे गुरं चारून रोज घरी येतो, त्याच्यासोबत. धुकं उतरलं तर तिथूनच मागे फिरायचं. कुठून जाणार आणि कधी परतणार हे घरी सांगून निघायचं. घरी फोनजवळ बसायचं काम काकूंनी स्वतःकडे मागून घेतलं.

पण ॲपवरून पुसलेली रेघ लोकांच्या फोनमधून पुसली जात नाही. ती कितीजणांनी उतरवून घेतली, मनस्वीला ठाऊक नाही. म्हणून मित्रांनो, एवढंच. अनोळखी वाटेवर पाऊल टाकण्याआधी तिथे कोण गेलं होतं एवढंच विचारू नका. तो परत आला का, तेही विचारा. आणि तुमच्या फोनमध्ये ‘कल्पेशची वाट’ असेल, तर ती आजच पुसा. त्या रेघेत कल्पेश अजून रस्ता शोधतोय.