आजच्या दिस सोमेश्वर

लग्नाला बारा दिवस झाले होते आणि मंजुषा नवऱ्याशी मोजून अकरा वाक्यं बोलली होती. त्यातली चार तर नुसती ‘पाणी देऊ का?’ अशीच होती. नवरा म्हणजे शिवशंकर. पक्का घुम्या. सदानकदा तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्यासारखा. आणि ही अशी लाजाळू, की दुकानदारानं सुट्टे कमी दिले तरी ‘अहो’ म्हणायला हिची जीभ उचलायची नाही. अशा दोघांना देवानं एका मोटारसायकलवर बसवलं तर रस्ता किती लांब होतो, ते भर वैशाखात साखऱ्याहून औंढ्याला जाऊन बघावं.

गाडीच्या पुढं रेडियमच्या अक्षरात ‘सोमेश्वर’ लिहिलेलं होतं. सोमेश्वर शिवशंकरचा थोरला भाऊ. दिवाळीत मंजुषाला कुंकू लागलं ते त्याच्याच नावाचं. बोलका गडी, गावभर हसत फिरणारा. माघात विहिरीतली मोटार काढायला उतरला आणि करंट लागला. उभा माणूस गेला. तेराव्याच्या पंगती उठतात न उठतात तोच म्हाताऱ्यांनी ठरवून टाकलं, “घरात मयत झालं तर वरसाच्या आत लगीन उरका, न्हाईतर तीन वरसं थांबा. पोरगी ठरलेलीच हाय. धाकला हाय की!” इकडं मंजुषाच्या माहेरी बाया तिला पांढऱ्या पायाची म्हणायला लागल्याच होत्या, त्यामुळे तिच्या बापानंही मान डोलावली. पोरीला कुणी विचारलं नाही आणि शिवशंकरलाही नाही. धोंड्याचा महिना लागायच्या आत अक्षता पडल्या. बँड नाही, वरात नाही, आणि ‘नाव घे गं’ म्हणून दारात कुणी अडवलंही नाही.

मंजुषाला काहीच वाटत नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई देतात ना, तसं तिचं सगळं आतलं बधिर झालं होतं. सोमेश्वरला तिनं दोनदा पाहिलं होतं. तो गेल्यावर रडू आलं नाही आणि लग्न लागताना आनंद झाला नाही. आपण माणसात आहोत का दगडात, एवढीच एक शंका तिला अधूनमधून यायची.

निघताना सासूनं, पार्वतीबाईंनी, तिला चुलीपाशी बोलावून बजावलं होतं. “औंढ्याला दर्शन घ्या आन् माघारी येताना कनेरगावला सोजरा वन्संकडं जेवून या. त्यांला सोमेश्वर गेल्याचं सांगितलेलं न्हाई, ध्यानात ठेव. त्यांनीच लहानाचा मोठा केलता त्याला. काळजाचा आजार हाय, डॉक्टरनं धक्का देऊ नका म्हणलंय. मोतीबिंदूनं दिसत तर न्हाईच, आन् दोघा भावांचा आवाज एकच. आजच्या दिस ह्यालाच सोमेश्वर म्हण. तुझ्या तोंडून काही निघालं आन् वन्संला काही झालं, तर ह्या घरात तुला जागा न्हाई बघ.”

“व्हय,” मंजुषा म्हणाली. अकरात हे धरलेलं नाही, कारण ते सासूला म्हटलं.

सेनगाव मागं पडलं, हिंगोली मागं पडली. वारा असा होता की भट्टीचं दार उघडावं. औंढ्यात नागनाथाचं दर्शन झालं, बेल वाहिला, दोघांनी हात जोडले; काय मागायचं ते मंजुषाला सुचलं नाही. बाहेर आले तर गाडी उन्हात तापून लाल. शिवशंकरनं बाटलीतलं पाणी सीटवर शिंपडलं, गळ्यातल्या उपरण्यानं पुसलं. फक्त मागची अर्धी सीट पुसली, तिची. स्वतः तसाच चटक्यावर बसला. पुढं हिंगोलीत रसवंतीपाशी थांबले तेव्हा पुन्हा तेच. मंजुषानं ते पाहिलं. काही वाटलं असं नाही, पण पाहिलं आणि ध्यानात ठेवलं.

कनेरगाव नाक्यावर ढाब्यांच्या ओळीमागं आत्याचं घर. सोजराबाई पत्र्याच्या सावलीत खाटेवर बसल्या होत्या. सून रूपाबाई स्वयंपाकात होती. तिला सगळं ठाऊक होतं. गावभर ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या म्हातारीला.

“आला का माझा सोम्या!”

“आलो, आत्या,” शिवशंकर म्हणाला आणि पाया पडला.

म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवले, कडाकडा बोटं मोडली. “वाळलास रे लेकरा! लगीन मानवलं न्हाई का काय?” मग मंजुषाला जवळ ओढून चाचपलं. “गुणाची दिसून राहिली. बोलंना का पण?”

“लाजती,” शिवशंकर म्हणाला.

आमरस-पोळीची ताटं आली. म्हातारी बोलत सुटली. सोम्यानं लहानपणी बैलगाडी ओढ्यात कशी घातली, सोम्या शाळेतून पळून इथं कसा यायचा. शिवशंकर हं हं म्हणत होता. मध्येच तिनं विचारलं, “आन् शिव्या काहून न्हाई आला रे?”

शिवशंकरचा घास हातात राहिला. “त्याला काम हाय शेतात.”

“कसा हाय?”

“हाय. बरा हाय.”

“घुम्या मेला! तुझ्या पाठीवर आला आन् सगळ्यांच्या ध्यानातनंच गेला. त्याचं बी बघा आता कुठं.”

“व्हय,” तो म्हणाला. “बघू त्याचं.”

इतक्या सपाट आवाजात म्हणाला की मंजुषानं मान वर करून त्याच्याकडं नीट पाहिलं. बारा दिवसांत पहिल्यांदाच. ताटात बोटं बुडवून बसलेला जिवंत माणूस, आणि स्वतःची खुशाली परक्याची सांगावी तशी सांगत होता! अगबाई, ह्याला तर आपल्याहून जास्त बधिर केलंय सगळ्यांनी मिळून, असं तिच्या मनात आलं.

जेवणं झाली. म्हातारीनं पाटावर दोघांना शेजारी बसवलं, मंजुषाची खणानारळानं ओटी भरली. शिवशंकरच्या मांडीवर टॉवेल ठेवला, डोक्यावर चाचपडत नवी पांढरी टोपी घातली. “माझ्या सोम्याला आहेर!” मग मांडी ठोकून म्हणाली, “आता नाव घे, पोरी. त्याबिगर उठू देत नसते मी.”

उखाणा मंजुषाला येत होता. दिवाळीतच वहीत लिहून ठेवला होता, पाठही केला होता. बारा दिवसांत कुणी विचारलं नव्हतं म्हणून तसाच पडून होता. रूपाबाईनं डोळ्यांनी खुणावलं, घे, घे. मंजुषानं सुरुवात केली.

“औंढ्याच्या नागनाथाला बेल वाहते वाकून…”

आणि थांबली. पुढं नाव होतं. शेजारचा माणूस खाली मान घालून, भावाची टोपी डोक्यावर घेऊन, ते ऐकायला तयार बसला होता. हे एकदा तोंडातून गेलं की जन्मभर आपण ह्याला दुसऱ्याच्याच नावानं नांदवणार, हे तिला लख्ख कळलं. सासूचं बोलणंही आठवलं. जागा जाईल, म्हातारी जाईल, आणि पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्या बाया खऱ्या ठरतील.

“…शिवशंकररावांचं नाव घेते, सगळ्यांचा मान राखून.”

रूपाबाईच्या हातातली पळी पातेल्यात पडली. शिवशंकरनं झटकन वळून पाहिलं. पत्रा कडकड तापत होता, तेवढाच आवाज.

“शिव्या,” म्हातारी म्हणाली. “इकडं ये.”

तो सरकला. तिनं पुन्हा त्याच्या तोंडावरून हात फिरवला, या खेपेला सावकाश.

“कवा गेला?”

“माघात.”

“आरं, मग मी काय घोडं मारलं व्हतं तुमचं? मला रडू बी दिलं न्हाई?”

आणि ती रडली. ऊर बडवून, नाव घेऊन, गल्ली गोळा होईल अशी रडली. रूपाबाई गोळ्या घेऊन धावली तर तिचा हात झटकून टाकला. शिवशंकर, जो मसणवट्यातही रडला नव्हता, त्यानं म्हातारीच्या मांडीत डोकं घातलं आणि हुंदके द्यायला लागला. मंजुषा नारळ धरून उभी राहिली. म्हातारीचा श्वास अडकतो की काय म्हणून एकेक श्वास ऐकत राहिली. श्वास चालू होता. तासाभरानं म्हातारीनं स्वतःच पाणी मागितलं, गोळी गिळली.

मग तिनं शिवशंकरच्या डोक्यावरची टोपी काढली. “ही त्याच्या नावाची.” रूपाबाईला ती देव्हाऱ्यात ठेवायला लावली. “दुसरी नवी न्हाई घरात. तुझ्या सासऱ्याची हाय ती आण गं.” जुनी, धुऊन पिवळी पडलेली टोपी आली, त्याच्या कानांवर उतरली. “ही तुझी. आता तू घे हिचं नाव.”

शिवशंकरनं तोंड उघडलं, पण नाव काही बाहेर पडेना. नुसतीच मान हलवली.

“ऱ्हाऊ दे,” म्हातारी म्हणाली. “घुम्याच तू.”

बाहेर आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, गाडी मात्र तापलेलीच. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. रूपाबाईनं कळवलं असणार. पार्वतीबाईंचा आवाज मंजुषाला दोन हातांवरून ऐकू येत होता.

“कुणी सांगितलं वन्संला? त्या पोरीनंच ना? बोल की!”

आता त्या घरात आपण नाही, असं मंजुषानं मनाशी म्हणूनही टाकलं.

“मी सांगितलं,” शिवशंकर म्हणाला.

“तू? आरं पर काहून?”

“मला सोमेश्वर व्हता येईना, आई. आत्या बरी हाय. ठेवतो.”

त्यानं फोन खिशात घातला. मंजुषाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते सोमेश्वरचं होतं, का स्वतःचं, का ह्याचं, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं ते पुसलंही नाही. शिवशंकर तिच्याकडं बघत उभा राहिला. मग त्यानं बाटली काढली, उरलेलं सगळं पाणी मागच्या सीटवर ओतलं आणि उपरण्यानं पुसलं.

“मंजुषा,” तो म्हणाला, “बस. आता चटका न्हाई बसायचा.”