सोडून दिलेल्या एकेचाळीस काळज्या

तीन महिने आमच्या घरात माझं नाव हेमांगी नव्हतं. सहा होतं.

"सहा नंबर, गॅस बंद आहे, ये इकडे." "अगं सहा, साधी सर्दी आहे, डॉक्टरला कशाला फोन?" प्रणित, माझा नवरा, हे हसत हसत म्हणायचा. हसत म्हटलेल्या गोष्टीवर चिडलं की चिडणारीच वेडी ठरते. ज्यांची लग्नं झालीयेत त्यांना हे सांगायला नको.

सुरुवात त्याच्या ऑफिसातून झाली. तिथे स्वतःला ओळखा म्हणून एक दिवसाची कार्यशाळा झालेली. माणसं नऊ प्रकारची असतात, आपला प्रकार कळला की आपण त्याच त्याच चुका का करतो ते कळतं, आणि कळलं की बदलता येतं. प्रणित त्या दिवशी घरी आला तो नवीनच माणूस होऊन. जुलैत त्याने आम्हा दोघांची नावं ती कार्यशाळा घेणाऱ्या सौमित्र सरांच्या शनिवारच्या बॅचला घातली. आम्ही डोंबिवलीत राहतो, बॅच ठाण्यात, टेंभी नाक्याजवळ एका हॉलमध्ये. पावणेतीन वर्षांच्या आमच्या मुलीला, प्राप्तीला, सासूबाईंकडे ठेवून आम्ही दोघं जायचो.

खोटं कशाला बोलू? पहिल्या शनिवारी सौमित्र सरांनी सहाव्या प्रकाराचं पान हातात दिलं आणि ते वाचताना मला रडू आलं. ही माणसं कुठेही गेली की आधी बाहेर पडायचं दार कुठे आहे ते बघतात. यांना वाटतं, आपण पहारा सोडला की काहीतरी होणार. मी मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले, आणि अजून धुतलेली द्राक्षं परत धुते. कोणीतरी मला न भेटता ओळखलं होतं. फायदाही झाला, तोही सांगते. झोपायच्या आधी गॅसचं बटण चारदा बघायचे, ते एकदावर आलं.

सरांनी प्रत्येकाला एक वही दिली. सहावाल्यांचा गृहपाठ असा: काळजी आली की लिहायची. तारीख, वेळ, नेमकं काय दिसलं. मग मोठा श्वास सोडून तिच्यावर आडवी रेघ मारायची. "कागदाने धरलीय, आता तुम्ही सोडा," असं सर म्हणायचे. आवाज एकदम मऊ. शनिवारी आपण किती सोडल्या ते उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

प्रणितचा नंबर नऊ. भांडण नको, सगळं ठीक आहे, असा प्रकार. त्याचा गृहपाठ होता रोज एकदा ठामपणे नाही म्हणायचं. ऑफिसात त्याची हिंमत होत नव्हती. सगळा सराव त्याने माझ्यावर केला.

माझी वही अशी:

१४ जुलै, संध्याकाळी ७. कुकरच्या तीन शिट्ट्या. प्राप्ती पाठमोरी खेळत होती. दचकली नाही, वळली नाही. रेघ.

२२ जुलै, सकाळी ११. सशाला अआ म्हणते. शेवेला एव. बाबा, गाडी, दादा स्पष्ट म्हणते. रेघ.

३ ऑगस्ट, दुपारी ४. दारावरची चिमणीची बेल वाजली. आधी ती बेलवर धावायची. आता मी उठले की माझ्या मागे धावते. रेघ.

सासूबाई जिथल्या तिथे बोलून मोकळ्या होणाऱ्या. "प्रणितसुद्धा साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आता थांबतोय का? तू सारखी तिला तपासत असतेस गं हेमांगी. पोर आहे ती, उतू जाणारं दूध नाही."

दहीहंडीला बॅच नव्हती, तरी प्रणितने हट्टाने आम्हाला टेंभी नाक्याला नेलं. स्पीकरच्या भिंतीच्या भिंती लावलेल्या. ढोल सुरू झाला तशी प्राप्ती कानांवर हात ठेवून रडायला लागली, त्याच्या मानेला चिकटली. प्रणितला केवढा आनंद!

"बघ! कान शाबूत आहेत पोरीचे. लिही आता हे वहीत."

लिहिलं. रेघही मारली.

तरी त्याच आठवड्यात मी गुपचूप कानाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली, आणि शनिवारी हॉलमध्ये धीर करून बोलले. "सर, मला वाटतं माझ्या मुलीला नीट ऐकू येत नाही."

सर म्हणाले, "हेमांगी, ही भीती प्राप्तीची आहे, की तुझी?"

सगळ्या हॉलने हं केलं. कसं ते सांगते, कीर्तनात वाक्य आवडलं की बायका करतात तसं.

"सहाला पुरावा सापडतोच," सर म्हणाले, "कारण तो शोधतच असतो. तुझी वाढ कुठे आहे सांगू? न तपासण्यात."

शेजारी बसलेल्या प्रणितने माझा हात दाबला. प्रेमाने दाबला, हेच तर.

ते वाक्य मी नंतर कितीदा फिरवून फिरवून बघितलं. त्यातून बाहेर पडायला जागाच नव्हती. मला काही दिसलं, तर मी घाबरट म्हणून दिसलं. दिसलं नाही, तर मी सुधारले. पोरीचा कान या सगळ्यात कुठेच नव्हता.

मी घरी येऊन अपॉइंटमेंट रद्द केली. पुढच्या शनिवारी उभं राहून ते सांगितलं. टाळ्या. त्या दिवशी मी स्वतःवर खूशसुद्धा होते. बाकी सगळ्यांवर राग काढून झाला की रोज संध्याकाळी मी इथे येऊन थांबते. फोन मी केला होता. रद्द करा, म्हणून मीच म्हणाले होते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वहीत एकेचाळीस नोंदी होत्या, एकेचाळीसवर रेघा. सरांनी ग्रुपवर टाकलं, हेमांगीचा प्रवास प्रेरणादायी.

नऊ ऑक्टोबरला संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत कपडे काढत होते. खाली सासूबाई बाकावर बसलेल्या, प्राप्ती चार पावलांवर उकिडवी बसून खडे वेचत होती. बी विंगची पांढरी गाडी पीं पीं पीं करत मागे यायला लागली. कंपाउंडमधली सगळी पोरं वळली, बाजूला झाली. एक सोडून. सासूबाई उठेपर्यंत गाडी तिच्या पाठीवर आली होती. मी ओरडले, पण तीन मजल्यांवरून काय पोचणार? वॉचमन महिपत काका गेट सोडून धावले आणि त्यांनी तिला काखेत धरून उचललं. हाताभराचं अंतर होतं. तिच्या मुठीत खडे तसेच.

गाडीवाला काच खाली करून म्हणाला, "काय आहे काय? पोरीला ऐकायला येत नाही का?"

"नाही!" मी वरून ओरडले. "नाही येत! नाही येत तिला!"

अख्खी सोसायटी वर बघायला लागली. तीन महिन्यांत ते वाक्य मी पहिल्यांदा, सर, मला वाटतं, हे न लावता बोलले होते.

बेचाळिसावी नोंद लिहिली. रेघ मारली नाही.

प्रणित आला तेव्हा मी टेबलाशी बसलेले. "थरथरतेयस तू," तो म्हणाला. "आधी पाणी पी. हे बघ, मुलं खेळात रमली की ऐकत नाहीत. हे तुझं सहा..."

"प्रणित, अजून एकदा तो आकडा तोंडातून आला ना, तर ही वही गिळायला लावीन तुला. पानापानाने."

"अगं, आई आहे आत."

"त्यांनाही ऐकू दे. त्यांचे कान चांगले आहेत. सोमवारी सकाळी नऊला कल्याणला टेस्ट आहे. सुट्टी टाक."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. संध्याकाळपासून त्या जेवल्या नव्हत्या. "तो नाही आला तर मी येते," एवढंच म्हणाल्या.

तो आला.

ही टेस्ट मूल झोपेत असताना करतात, म्हणून आम्ही तिला पहाटेपासून जागं ठेवलेलं. रिक्षात ती रडून रडून लाल झालेली. तिथली ऑडिओलॉजिस्ट माझ्याच वयाची असेल. तिने आधी विचारलं, "कधीपासून वाटतंय तुम्हाला?"

"अलीकडेच," प्रणित म्हणाला. "गेल्या आठवड्यात."

मी पिशवीतून वही काढून तिच्यासमोर ठेवली.

ती वाचत गेली. रेघांच्या खालून अक्षरं दिसत होती. मध्येच तिने पेन घेऊन कच्च्या कागदावर काहीतरी टिपलं. कुकर नाही. बेल नाही. ढोल हो. दार आपटलं हो. स, श नाही. एकेचाळिसातल्या सतरा नोंदी कानाच्या निघाल्या. तोवर मीही कधी मोजल्या नव्हत्या.

"एवढी नेमकी हिस्ट्री मला कोणी आणून देत नाही," ती म्हणाली. "तारीख आहे, अंतर आहे, पाठमोरी होती का तेही आहे. पण खोडलंय का सगळं?"

प्रणित जमिनीकडे बघत होता.

"सोडून दिलं होतं," मी म्हणाले.

प्राप्ती झोपल्यावर कपाळावर, कानांमागे वायरी चिकटवल्या आणि पडद्यावर रेषा पळायला लागल्या. तासाभराने तिने आम्हाला बसवून सांगितलं. दोन्ही कानांना दोष आहे. जाड, मोठे आवाज पोचतात, म्हणून ढोल ऐकून ती रडते. बारीक आवाज जवळजवळ नाहीत. शिट्टी नाही, बेल नाही, गाडीचं पीं पीं नाही. मशीन लावावी लागतील, दोन्हीकडे, आणि बोलायला शिकवायला थेरपी.

"जुलैत आलो असतो तर?" मी विचारलं.

"कान कदाचित एवढेच असते. पण शब्दांचे तीन महिने मिळाले असते. या वयात तीन महिने खूप असतात." तिने ते सरळ सांगितलं. मला बरं वाटलं. मऊ आवाजाचा मला कंटाळा आला होता.

बाहेर पायऱ्यांवर प्रणित थांबला. झोपलेली प्राप्ती त्याच्या खांद्यावर. "मला वाद नको होता गं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरलेले. "तू आधीच इतकी टेन्शनमध्ये, त्यात मी पण... माझा प्रकारच तो आहे, सगळं ठीक आहे म्हणायचं. नऊ..."

"थांब," मी म्हणाले. "इथेच थांब. माझा प्रकार सहा, म्हणून मी तीन महिने चूक. तुझा प्रकार नऊ, म्हणून तू निर्दोष? तुझा नंबर तुला उशी, आणि माझा नंबर माझ्या तोंडात बोळा? कुठल्या पानावर लिहिलंय हे? दाखव. मीही वाचलंय सरांनी दिलेलं पुस्तक. त्यात लिहिलंय, स्वतःचा प्रकार ओळखा. बायकोचा ओळखा आणि तिला गप्प करा, असं कुठे आहे?"

"लोक बघतायत, हेमांगी."

"बघू देत! गाडी पोरीच्या अंगावर येत होती तेव्हा मीच बघत होते. आता मलाही कोणीतरी बघू दे."

त्या शनिवारी आम्ही गेलो नाही. सरांचा व्हॉइस मेसेज आला, दोन मिनिटं चाळीस सेकंद. सहाच्या प्रवासात असे धक्के येतात, पुन्हा जुन्या भीतीकडे जाऊ नकोस. मी ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "सर, भीती माझी होती. कान प्राप्तीचे होते. आणि टाळ्या तुमच्या." त्यांनी हात जोडलेल्याचं चित्र पाठवलं. बाकी कोणी काही बोललं नाही. बावीस माणसं, नऊ प्रकार, आणि गप्प बसायला सगळी एकसारखी.

नोव्हेंबरच्या मध्यावर मशीन बसली. गुलाबी, तिनेच निवडली. ऑडिओलॉजिस्टने बजावलं, रोज लिहून ठेवा, कुठल्या आवाजाला काय करते. त्यावरून मशीन जुळवता येतं.

घरी येऊन मी तीच वही प्रणितसमोर ठेवली. अर्धी कोरी होती.

"मी?"

"तू. मला चार महिने झालेत लिहून."

दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, आज छान रिस्पॉन्स दिला. मी पेन घेतलं आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"हे काय?"

"ही सोडून द्यायच्या लायकीची ओळ आहे. किती वाजता? आवाज कुठला? किती लांब? पाठमोरी होती का? छान म्हणजे काय, प्रणित?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण प्राप्तीकडे बोट दाखवलं. "बस रे. लिही नीट."

तो वही घेऊन जमिनीवर बसला, प्राप्तीच्या मागे, चार हातांवर. मी कुकर लावलेला. ती ठोकळे एकावर एक रचत होती. पहिली शिट्टी झाली, काही नाही. दुसरी झाली. प्रणितने चटकन माझ्याकडे बघितलं आणि नेमकं तेव्हाच तिचं डोकं हललं, किंवा हलल्यासारखं झालं.

"हेमांगी," तो कुजबुजला, "वळली का गं?"

मला दिसलं होतं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"मला विचारू नकोस," मी म्हणाले. "तिसरी होईल आता. माझ्याकडे नको, तिच्याकडे बघ."

त्याने पेनचं टोपण काढून दातात धरलं आणि तिच्याकडे बघत बसला, पापणी न हलवता, मी गेले चार महिने बसायचे तसा.